गोष्टींचे बियाणे

(सरावली येथील प्रौढ साक्षरता वर्गातील भाषण)



वर्गात नवा माणूस आला की बहुधा एकच वाक्य बोलतो. "गुरुजी, आम्ही अडाणी. आम्हांला काही येत नाही." आज त्याच वाक्याबद्दल आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

माणूस लिहायला लागला त्याला सुमारे 5,000 वर्षे झाली. गोष्ट त्याच्याही आधीची. मग त्या आधीची माणसे अडाणी होती काय? मुळीच नाही. पीक कसे घ्यावे, देवाला काय द्यावे, शेजाऱ्याशी कसे वागावे, हे सारे त्यांनी गोष्टींतून पुढे दिले.

आपल्या डहाणू-तलासरीकडेच पाहा. वारल्याच्या घरी लग्न निघाले की भिंत सारवतात, तिला गेरू देतात. मग सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकात पालघाट देवी असते. भोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस झाला! धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. भगत घांगळी वाजवून कणसरी देवीची कथा गातो. भिंतीवर गोष्ट, गाण्यात गोष्ट. जुन्या मराठीत चित्र काढणे याला 'चित्र लिहिणे' असेच म्हणत. मग या बायांना लिहिता येत नाही, असे कोण म्हणेल?

आपल्याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. लहानपणी आई गेली आणि त्या पोराचे बोलणे थांबले. सांगायचे ते तो मातीत चित्रे काढून सांगू लागला. पुढे त्याच रेघांनी वारल्यांचे जगणे देशोदेशी नेले. 2011 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. 2018 साली ते वारले.

आता जरा लांब जाऊ. कोकणच्या दक्षिण टोकाला, कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर लोक चित्रकथी करतात. एकेक चित्र पुढे धरायचे आणि रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगायचे. जपानातही अशीच रीत होती. सायकलवर लाकडी चौकट घेऊन माणूस गल्लीत यायचा. पोरांना खाऊ विकायचा आणि चित्रे सरकवत गोष्ट सांगायचा. तिला ते 'कामिशिबाई' म्हणतात. घरोघर टेलिव्हिजन आला आणि गल्लीतला तो माणूस दिसेनासा झाला. बघा, देश वेगळे, भाषा वेगळी, पण रीत सख्ख्या बहिणींसारखी!

आफ्रिकेत माली देश आहे. तिथे गोष्ट सांगणे हे काही घराण्यांचे पिढीजात काम. बापाने मुलाला शिकवायचे, मुलाने नातवाला. सुंदियाता नावाच्या राजाची कथा त्यांनी सुमारे 700 वर्षे तोंडी सांभाळली. पुढे नियान नावाच्या विद्वानाने अशाच एका कथेकऱ्यापुढे बसून ती ऐकली आणि 1960 साली तिचे पुस्तक केले. गोष्ट कथेकऱ्याची, अक्षर नियानचे. दोघे एकत्र आले म्हणून ती कथा आज आपल्या सरावलीपर्यंत आली.

मंडळी, सांगायचे ते हेच. तोंडची गोष्ट सांगणाऱ्याबरोबर जगते आणि पुढे कोणी घेतली नाही तर त्याच्याबरोबरच जाते. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाणे खात नाही. भाताचे बी वेगळे बांधून ठेवतो. आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टी हे आपले बियाणे आहे. ते राखायला आता तुमच्या हाती अक्षर आले आहे.

मग करायचे काय? एक वही घ्या. आजीजवळ, आजोबांजवळ बसा. आधी विचारा, "ही गोष्ट लिहू का?" काही गाणी आणि कथा फक्त लग्नात किंवा पूजेलाच म्हणायच्या असतात. ते नको म्हणाले तर त्यांचा मान राखा. हो म्हणाले तर त्यांच्याच बोलीत लिहा. वारली बोली असेल तर वारलीत. देवनागरी अक्षरांत ती छान लिहिता येते. पुस्तकी भाषा करायला जाऊ नका, गोष्टीची चव जाते. एखादा शब्द अडला तर वर्गात आणा, आपण मिळून लिहू. मोबाइलवर आवाजही भरून ठेवा. पण तो बिघडतो, हरवतो. वही घरात राहते.

पानाच्या डोक्यावर सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि साल घालायला विसरू नका. गोष्ट त्यांची आहे, आपण फक्त लिहून घेणारे.

आणि लिहून झाले की ती गोष्ट त्यांनाच वाचून दाखवा. चुकले असेल तर ते सांगतील. त्या दिवशी आपल्याला कळेल की या घरात अडाणी कोणीच नव्हते.