निनावी अभिप्राय आणि सम्यक वाचा

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमातील भाषण)



आमच्या वाडवडिलांनी सोलापूरच्या जुन्या गिरणीत, लक्ष्मी-विष्णूत, नरसिंग गिरजीत घाम गाळला. गिरण्या बंद पडल्या. आज त्यांची नातवंडे पुण्याला हिंजवडीत संगणकापुढे बसतात, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. परंतु गिरणी कामगाराला युनियन होती, गेटसभा होती. संगणक कंपनीच्या दारात गेटसभा भरत नाही. मग हा तरुण आपले गाऱ्हाणे सांगतो कुठे? तर ग्लासडोअर, अॅम्बिशनबॉक्स, ब्लाइंड अशा ठिकाणी, नाव न लावता. पगार वेळेवर होतो का, रात्री किती वाजेपर्यंत बसवतात, साहेब कसा बोलतो, हे तो तेथे लिहितो. नोकरी शोधणारा दुसरा तरुण ते वाचतो.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "नाव लपवून बोलणे हा भित्रेपणा आहे." आम्हाला तसे वाटत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्या वेळी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून नाव छापले गेले ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेब काय भित्रे होते? नोकरीचे बंधन होते, आणि मुक्यांचा आवाज तर बाहेर पडलाच पाहिजे होता.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेचे आहे. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. दोन अधिकाऱ्यांवरील दावा २०२३ मध्ये मागे घेण्यात आला, हेही सांगितले पाहिजे. पण तक्रारदार दलित अभियंत्याचे नाव कागदावर नव्हते. त्याला 'जॉन डो' म्हटले गेले. त्याच वर्षी तेथील तीस दलित महिला अभियंत्यांनी निनावी निवेदन काढले. ज्याचे आडनाव विचारूनच जात ठरवली जाते, त्याला नाव झाकण्याची गरज का पडते, हे या सभागृहात समजावून सांगावे लागत नाही.

तथापि, पडद्याआडून दगडही मारता येतो. रागाच्या भरात खोटे लिहिणारे असतात, आणि स्वतःच्या माणसांकडून स्तुती लिहून घेणाऱ्या कंपन्याही असतात. येथे तथागतांनी कालामांना केलेला उपदेश कामी येतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. एका अभिप्रायावर नोकरी घेऊ नका, सोडूही नका. दहा वाचा आणि एकच तक्रार वेगवेगळ्या वर्षी पुन्हा पुन्हा येते का ते पाहा.

लिहिताना सम्यक वाचा पाळा. खोटे नको, चहाडी नको, कठोर शब्द नको, वायफळ नको. 'साहेब राक्षस आहे' असे लिहिल्याने कोणाचे भले होत नाही. 'तीन महिने पगार उशिरा झाला' हे लिहिल्याने दुसऱ्याचे घर वाचते. पडदाही पक्का नसतो. जुलै २०२२ मध्ये एका खेळणी कंपनीच्या मागणीवरून कॅलिफोर्नियातील न्यायालयाने ग्लासडोअरला लिहिणाऱ्यांची ओळख देण्यास सांगितले. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानी हा गुन्हा आहे. सार्वजनिक हितासाठी सांगितलेले सत्य त्यातून वगळले आहे. म्हणून पुरावा जपा.

आमच्या परिचयातील एका मुलाची मूळ प्रमाणपत्रे कंपनीने अडकवून ठेवली होती. वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले. घरी कळेल म्हणून तो आठ महिने गप्प राहिला. त्याच कंपनीविषयी आधीच्या दोघांनी हेच लिहून ठेवले होते, पण त्याला वाचायला सांगणारे कोणी नव्हते. बंधूंनो, ही चूक त्याची नव्हे, आपली आहे. निनावी अभिप्राय सावध करतो, प्रमाणपत्र सोडवून आणत नाही. त्यासाठी कामगार आयुक्तांकडे नावानिशी अर्ज करावा लागतो, आणि अर्जदाराच्या पाठीशी माणसे उभी राहावी लागतात. 'संघटित व्हा' याचा अर्थ हाच.

आज वर्षावास संपतो. भिक्खू संघात या दिवशी प्रवारणा होते. माझा काही दोष पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. थोरही करतो, धाकटाही करतो. जेथे दोष ऐकण्याची अशी तयारी असते, तेथे पडद्याची गरज उरत नाही. कंपन्यांनी हे शिकावे असे म्हणण्यापूर्वी आपण घरापासून सुरुवात करू. पुण्याहून सुटीला आलेल्या मुलाला "पगार किती?" एवढेच विचारू नका. "तिथे तुझ्याशी कसे वागतात?" हेही विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा. संस्थेने नोकरदार तरुणांची बैठक दर तीन महिन्यांनी विहारात घ्यावी, अशी आमची सूचना आहे. तेथे त्यांनी आम्हा कार्यकर्त्यांचेही दोष सांगावेत. आम्ही ऐकू.

जयभीम! नमो बुद्धाय!