तळें आणि ठराव

गांव लहान असो कीं मोठें, नगरपालिकेच्या सभेचें कामकाज एका ठरीव चाकोरींतून चालतें. सभेच्या कांहीं दिवस आधीं नोटीस निघते. शिपाई ती सभासदांच्या घरोघर फिरवून सह्या आणतो. एखादे सभासद परगांवीं गेलेले असले तर नोटीस दारावर डकवून येतो. ठरल्या वेळीं निम्मे सभासद हजर असतात आणि उरलेले वाटेवर असतात. गणसंख्या पुरी झाली कीं अध्यक्ष स्थानापन्न होतात, आणि पहिला विषय पुकारला जातो : मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम करणें. या विषयावर सहसा कोणी बोलत नाहीं. कोणी बोललाच तर जाणत्या चिटणिसाचा चेहरा उतरतो, कारण इतिवृत्तांतल्या एका शब्दावरून उठलेला वाद सबंध सभा गिळून टाकतो, हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें.

मग पुढचे विषय येतात. अमक्या आळींतील गटार तुंबलें आहे. बाजारच्या गाळ्यांचा लिलाव करावयाचा आहे. कोंडवाड्याची भिंत खचली आहे. उन्हाळा तोंडावर आला, तेव्हां तळ्याचा गाळ काढावयाचा कीं नाहीं? असल्या विषयांना वर्तमानपत्रांत जागा मिळत नाहीं, आणि मिळाली तरी आंतल्या पानावर चार ओळींत त्यांचा निकाल लागतो. सुशिक्षित गृहस्थ दिल्लीच्या लोकसभेंतील भाषणें आवडीनें वाचतो. आपल्याच गल्लींतल्या दिव्याचा ठराव कोणीं मांडला आणि त्याला अनुमोदन कोणीं दिलें, हें मात्र त्याला सांगतां येत नाहीं. दिवा लागला नाहीं म्हणजे तेवढी त्याला नगरपालिकेची आठवण होते.

एका अर्थीं हें स्वाभाविक आहे. नगरपालिकेचा ठराव म्हणजे कागदावरचीं चार वाक्यें. सूचक, अनुमोदक, बाजूचीं मतें, विरुद्ध मतें, आणि शेवटीं 'ठराव मंजूर'. पण तो मंजूर झाला म्हणजे जन्मला, एवढेंच. त्यापुढें अंदाजपत्रकांत त्याच्यासाठीं पैसे धरावे लागतात, कोणा अधिकाऱ्याच्या अंगावर काम टाकावें लागतें, आणि तें काम झालें कीं नाहीं हें पुढच्या सभेंत विचारणारा एखादा चिकट सभासद असावा लागतो. या तिन्हींपैकीं एकही गोष्ट नसली तर ठराव पुस्तकांतल्या पुस्तकांत म्हातारा होतो.

या संस्था आल्या कोठून, हें थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. इंग्रजी अमलांत १८५० च्या २६ व्या कायद्यानें, जेथील रहिवाशांची इच्छा असेल तेथें नगरसुधारणेची व्यवस्था करण्याची सोय झाली. लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें १८ मे १८८२ रोजीं स्थानिक स्वराज्याचा जो प्रसिद्ध ठराव केला, त्याला अनुसरून १८८४ सालीं मुंबई इलाख्यांत निवडून आलेल्या सभासदांना अधिक जागा मिळाल्या. त्यानंतर १९०१ चा डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल ॲक्ट आला. त्याच्या ५० व्या कलमानें गांवांतील सार्वजनिक रस्ते, गटारें, विहिरी आणि तळीं नगरपालिकेच्या स्वाधीन झालीं. वाचतांना हें कलम रुक्ष वाटतें. पण कोंकणांतल्या एका लहान गांवीं या रुक्ष कलमाला एकदां असें तोंड फुटलें कीं त्याचा आवाज पुढें सर्व देशानें ऐकला.

तें गांव म्हणजे महाड. सावित्री नदीच्या कांठचें हें जुनें व्यापारी ठिकाण त्या वेळीं कुलाबा जिल्ह्यांत मोडत असे. गांवाच्या कडेला चार-पांच एकरांचें चवदार तळें आहे. त्याच्या चारी बाजूंना नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे स्पृश्य हिंदूंचीं आणि थोडींशीं मुसलमानांचीं घरें. पुष्कळशा घरमालकांच्या मालकीचे कांठावर जमिनीचे पट्टे होते, आणि पाण्यापर्यंत उतरणारे दगडी पायऱ्यांचे घाटही होते. तळें मात्र त्यांच्यापैकीं कोणाचेंच नव्हतें. तें सरकारचें, आणि १९०१ च्या कायद्यान्वयें नगरपालिकेच्या ताब्यांतलें. पुढें हायकोर्टांत ही गोष्ट कोणीं नाकारली नाहीं. असें असूनही अस्पृश्य मानलेल्या लोकांना त्या तळ्याचें पाणी घेण्याची बंदी होती. ती कोणत्याही कायद्यांत लिहिलेली नव्हती.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले आणि चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय. सरकारनें तो आपल्या खात्यांकडे अंमलबजावणीसाठीं धाडला, आणि महाडच्या नगरपालिकेनेंही ५ जानेवारी १९२४ रोजीं त्याला अनुसरून ठराव केला : अस्पृश्यांनीं तळ्याचा उपयोग करण्यास नगरपालिकेची हरकत नाहीं.

'हरकत नाहीं' या शब्दांपाशीं क्षणभर थांबलें पाहिजे. नगरपालिकेच्या दफ्तरांत हे शब्द फार सोयीचे असतात. शेजाऱ्यानें कुंपण घातलें, हरकत नाहीं. मंडप उभारला, हरकत नाहीं. त्यांत परवानगी असते, पण जबाबदारी नसते. अडविणाऱ्याला आवरण्याचें काम कोणाचें, हें त्यांत लिहिलेलें नसतें. म्हणून तो ठराव करणाऱ्यांना दोष देऊन भागत नाहीं. त्या काळीं एवढें लिहिण्यालाही धीर लागे, आणि पुष्कळ गांवच्या नगरपालिकांना तोही झाला नाहीं. पण ठराव झाला आणि तळें होतें तसेंच राहिलें. एक वर्ष गेलें, दुसरें गेलें, तिसरेंही गेलें. सभा होत राहिल्या, इतिवृत्तें कायम होत राहिलीं, आणि अस्पृश्यांपैकीं कोणाचा हात त्या पाण्याला लागला नाहीं.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं महाड येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशीं परिषदेचे लोक मिरवणुकीनें तळ्यावर गेले आणि तेथलें पाणी प्याले. नगरपालिकेच्या पुस्तकांत जें तीन वर्षांपूर्वीं लिहिलें होतें, तेवढेंच त्यांनीं केलें. त्यानंतर, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी हूल उठली. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, अनेकजण जखमी झाले. तळें बाटलें असें मानून त्याची शुद्धि करण्यांत आली.

आतां नगरपालिकेपुढें खरा प्रश्न आला. पूर्वींच्या ठरावाच्या पाठीशीं उभें राहावें, कीं तो फिरवावा? ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, नगरपालिकेनें १९२४ चा ठराव रद्द केला. तेंही रीतसर, सभेंतच. ज्या संस्थेला ठराव अंमलांत आणण्यासाठीं तीन वर्षांत सवड झाली नाहीं, तिला तो रद्द करण्यासाठीं साडेचार महिने पुरले. नगरपालिकेच्या कारभाराचा ज्यांना परिचय आहे, त्यांना याचें आश्चर्य वाटणार नाहीं. रद्द करण्याला पैसा लागत नाहीं.

डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह करावयाचें ठरलें. तेव्हां महाडच्या स्पृश्य हिंदूंच्या वतीनें कांहीं रहिवाशांनीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांच्यावर दिवाणी दावा लावला, आणि १४ डिसेंबर १९२७ रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरला हजारों लोक महाडांत जमले. त्यांनीं सत्याग्रहाची तयारी दाखविली. तथापि कोर्टाचा हुकूम मानून तळ्यावर जाण्याचें परिषदेनें तहकूब केलें. दाव्याचा मुद्दा असा होता कीं अस्पृश्यांना वगळून तळें वापरण्याची वहिवाट अनादि कालापासूनची आहे, म्हणून ती कायद्यानें मान्य करावी. खालचें कोर्ट, अपील, दुसरें अपील अशा पायऱ्या चढत हा दावा मुंबईच्या हायकोर्टांत पोंचला. १७ मार्च १९३७ रोजीं न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनीं वादींचें अपील काढून टाकलें. वहिवाट होती, पण ती अनादि असल्याचें वादींना सिद्ध करतां आलें नाहीं, हा निकालाचा गाभा. नऊ वर्षांहून अधिक काळ हा वाद कोर्टांत चालला, आणि तो सर्व काळ तळें ज्या संस्थेच्या स्वाधीन होतें ती आपल्या नेहमीच्या सभा भरवीत होती.

कायदे नंतर पुष्कळ बदलले. १९६५ सालीं महाराष्ट्राचा स्वतंत्र नगरपालिका अधिनियम आला. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें या संस्थांना घटनेंत स्थान मिळालें, आणि सभागृहांत स्त्रियांच्या खुर्च्या राखीव झाल्या. ठरावांना आवर घालण्याची सोयही कायद्यांत आहे. एखाद्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी तहकूब करूं शकतो. अलीकडे तर असें झालें कीं मुदत संपून गेलेल्या कित्येक नगरपालिकांत निवडणुकाच झाल्या नाहींत; त्या थेट डिसेंबर २०२५ मध्यें झाल्या. मधलीं वर्षें प्रशासकच कारभार पाहत होते. ठराव झाले, सह्याही झाल्या. पण सूचकहि नव्हता, अनुमोदकहि नव्हता, आणि मागच्या ठरावाचें काय झालें, असें विचारणारा तो चिकट सभासदही नव्हता.

महाडला दरसाल २० मार्च रोजीं तळ्याकांठीं हजारों माणसें येतात. बायका, मुलें, म्हातारीं माणसें पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतात. तो दिवस जवळ आला कीं नगरपालिकेला कामें सुचवावीं लागत नाहींत : रस्त्यांची झाडलोट, जादा दिवे, आणि येणाऱ्यांसाठीं पिण्याच्या पाण्याची व्यवस्था.