फायटर माशाची हद्द

आज बोलायचं आहे फायटर माशाबद्दल.

ॲक्वेरियमच्या दुकानात काउंटरवर छोट्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असतात. प्रत्येकीत एकच मासा, बोटाएवढा, गर्द निळा नाहीतर लालभडक, आणि अंगाला न पेलणारा शेपटीचा पिसारा. ‘याला काही लागत नाही, दोन दाणे टाकले की झालं,’ असं सांगितलं जातं, मूल हट्ट धरतं आणि मासा बरणीसकट घरी येतो. तिथूनच त्याचे हाल सुरू होतात.

हा मासा मूळचा थायलंडचा. आपल्याकडे नाशिकजवळ इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात भाताची खाचरं भरतात ना, तशाच उथळ, गवताळ पाण्यात तो राहतो. साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेणारं एक जादा इंद्रिय असतं. तो वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. बरणीत तो तग धरतो ते या इंद्रियाच्या बळावर. तग धरणं आणि सुखानं जगणं यांत मात्र फार अंतर आहे. खाचर उथळ असलं तरी ऐसपैस असतं, लपायला गवत असतं आणि पाणी बाराही महिने उबदार असतं.

थायलंडमध्ये झुंजींसाठी या माशाची पैदास कित्येक शतकं होत आली. 2019 साली त्या देशानं त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. पण हा मासा भांडतो कशासाठी? नर पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडातल्या लाळेनं बुडबुडे चिकटवत फेसाचं घरटं बांधतो. मादीनं घातलेली अंडी खाली पडू लागली की तो ती एकेक तोंडात झेलतो आणि वर नेऊन बुडबुड्यांत ठेवतो. पिल्लं बाहेर येऊन स्वतः पोहायला लागेपर्यंत राखण त्याचीच. त्या दिवसांत अंडी खाईल म्हणून तो मादीलाही हाकलून लावतो. हद्द राखण्याचा हा सगळा आटापिटा लेकरांसाठी असतो. मला तर या माशात योद्ध्यापेक्षा बापच जास्त दिसतो.

म्हणून एका टाकीत दोन नर कधीही ठेवू नका. खाचरात हरलेला नर पळून जातो, काचेच्या पेटीत पळायला जागाच नसते. लांब शेपटीचे गप्पी मासेसुद्धा त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतात. शेजारी दुसऱ्या नराची बरणी असेल तर मध्ये पुठ्ठा लावा. काही जण गंमत म्हणून आरसा धरतात. मासा कल्ले फुगवून, पिसारा ताठ करून उभा राहतो आणि बघणाऱ्यांना मजा वाटते. मिनिटभर ठीक आहे, पण तासन्‌तास आरसा ठेवणं म्हणजे त्याला न संपणाऱ्या भांडणात ढकलणं.

टाकी किमान वीस लिटरची घ्या. वर झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेला जागा सोडा. स्पंजचा फिल्टर मंद चालवा, जोराच्या प्रवाहात तो पिसारा सांभाळता सांभाळता थकतो. देशी बदामाचं वाळलेलं, स्वच्छ पान धुऊन पाण्यात सोडलं तर पाणी चहासारखं होतं. घाबरू नका, त्याला ते मानवतं.

आता नाशिकची थंडी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि घरातलं टाकीचं पाणीही गार पडतं. फायटरला 25 ते 28 अंश लागतात. पाणी गार झालं की तो तळाशी पडून राहतो, खाणं सोडतो, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. तेव्हा हीटर ही चैन समजू नका. वीस-पंचवीस लिटरला आपोआप बंद-चालू होणारा 25 ते 50 वॉटचा हीटर पुरतो. सोबत थर्मामीटर ठेवा. वीज गेली तर टाकीभोवती जाड चादर गुंडाळा.

गंगापूर धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं ते क्लोरीन घालून. आपल्यासाठी ते गरजेचंच आहे, पण माशाचे कल्ले त्यानं भाजतात. पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब टाका. आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी बदला, सगळं एकदम कधीच नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. माशाच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो निवळणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्या.

खाण्याचं म्हणाल, तर हा मासा किडे खाणारा आहे. त्याचं तोंड बघा, वरच्या बाजूला वळलेलं असतं. पाण्यावर पडलेला किडा टिपायलाच ते घडलं आहे. नदीवर माशांना कणकेच्या गोळ्या आणि मुरमुरे घालायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. प्रथिनं भरपूर असलेले बारीक दाणे सकाळी तीन-चार, संध्याकाळी तीन-चार, तेही एकेक करून टाका. एक गिळल्यावर दुसरा. सुकवलेले ब्लडवर्म द्यायचे तर आधी भिजवा आणि आठवड्यातून एक-दोनदाच द्या. आठवड्यात एक दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही. काचेजवळ कुणी आलं की तो शेपूट हलवत पुढे येतो आणि घरातलं प्रत्येक माणूस दोन दाणे टाकतं. पोट फुगतं, उरलेलं अन्न कुजतं, पाणी नासतं. खाऊ घालण्याचं काम घरात एकाकडेच द्या. डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात, पण त्यासाठी घरात पाणी साठवून डेंग्यूला बोलावू नका.

आणि सांभाळणं जमेनासं झालं तर मासा दुकानात परत द्या, नाहीतर माशांची हौस असलेल्या ओळखीच्या माणसाला द्या. गोदावरीत सोडू नका. फायटरला आपली थंडी सोसणार नाही, आणि टाकीतले रोग मात्र नदीतल्या माशांना लागतील. फ्लॉवरहॉर्न किंवा सकर यांसारखे दणकट मासे तर मुळीच सोडू नका. असा बाहेरचा मासा पसरला की काय होतं ते पाहा: तिलापिया 1952 साली देशात आणला गेला, तोही हद्द राखणाराच मासा. आज तो देशभरातल्या नद्या-तलावांत पसरला आहे आणि तिथल्या मूळच्या माशांची जागा आणि खाणं बळकावतो आहे.