हात गेला, हक्क जाऊ नये



शिरूर आणि दौंड हे तालुके ऊस-कांद्याचे म्हणून ओळखले जातात; परंतु तेथील जीवन आज यंत्रावर आणि चाकावरही चालते. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग घडतात. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. हंगामात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर या दोन रस्त्यांवरून ही सारी माणसे रात्रंदिवस ये-जा करीत असतात. उत्पादनाचा हिशेब टनांत आणि रुपयांत चोख ठेवला जातो. प्रेसखाली गेलेला पंजा, रसायनाने होरपळलेला देह, ट्रॉलीखाली मोडलेला कणा यांचा हिशेब मात्र कोणत्याच ताळेबंदात नसतो. तो जखमीच्या घरातील बाईच्या माथी पडतो.

अशा प्रसंगी मालक दहा-वीस हजार रुपये हातावर ठेवतो आणि कुटुंब त्याचे उपकार मानते. हा समज प्रथम मोडला पाहिजे. भरपाई ही भीक नव्हे, तो हक्क आहे, आणि तो शंभर वर्षांचा जुना आहे. ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडीत होते, त्या काळात, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याचे तत्त्व साधे होते. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही; इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली, एवढे पुरे. कामगार प्यालेला होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, असले बचाव अंशतः वा तात्पुरत्या अपंगत्वापुरते चालतात. मृत्यू वा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास तेही चालत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तत्पूर्वीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याने चालतील. नव्या संहितेतही भरपाईची मूळ चौकट तीच आहे.

आता या चौकटीचा हिशेब पाहावा. संपूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. पंचवीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणक २१६.९१ आहे. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाचे वेतन १५,००० रुपयांपर्यंत धरले जाई. त्याप्रमाणे रक्कम होते १९,५२,१९० रुपये. परंतु परिशिष्टात एका हाताची चार बोटे गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी ५० टक्के, अंगठा गेल्यास ३० टक्के, दोन बोटे गेल्यास २० टक्के अशी कोष्टके आहेत. चार बोटे गमावलेल्या त्याच तरुणाची भरपाई निम्म्यावर येते. प्रत्यक्षात त्याला पुन्हा प्रेसवर कोण उभे करतो? बोटांचे शेकडे मोजले गेले, धंदा मात्र शंभर टक्के गेला.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात निर्णय दिला होता. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. अपंगत्व अंशतः आहे, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने विचारले ते एवढेच, की एका हाताने सुतारकाम होते काय? होत नाही, म्हणून अपंगत्व संपूर्ण. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात ठरले. डॉक्टरचा दाखला अवयवाची टक्केवारी सांगतो. जखमी माणूस कोणते काम करीत होता आणि आता कोणते करू शकत नाही, हे न्यायासनापुढे मांडणे हे दाव्याचे मर्म होय.

येथे कायद्यातील एक मोठी विसंगती ध्यानी घेतली पाहिजे. कणा मोडून माणूस खाटेला खिळला, तर त्याला उठविण्या-बसविण्यास आयुष्यभर दुसरे माणूस लागते. रस्त्यावरील अपघाताच्या दाव्यात न्यायालये हा खर्च मोजतात. हरियाणातील बारा वर्षांच्या एका जखमी मुलीच्या दाव्यात, २०२० साली, सर्वोच्च न्यायालयाने केवळ परिचारकांपोटी २१,६०,००० रुपये धरले. कारखान्यातील इजेच्या सूत्रात वेतनाची हानी आणि उपचाराचा खर्च आहे. आयुष्यभराच्या शुश्रूषेला तेथे रकाना नाही. कणा तोच, पण कारखान्याच्या फाटकाबाहेर त्याचे मोल एक आणि फाटकाच्या आत दुसरे! ही विसंगती दूर करण्याची मागणी कामगार चळवळीने लावून धरली पाहिजे.

तथापि बहुसंख्य दावे न्यायालयात हरत नाहीत. ते पहिल्या महिन्यातच गारद होतात. कंत्राटदार म्हणतो, हा माणूस माझ्याकडे नव्हताच. कंपनी म्हणते, तो कंत्राटदाराचा होता. हजेरीपत्रक नाहीसे होते. इस्पितळातच कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेतला जातो. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. कंपनीच्या नेहमीच्या कामावर कंत्राटदाराने लावलेल्या कामगाराच्या भरपाईस मूळ मालक जबाबदार असतो. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो. महिन्याभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर मात्र मालकाकडे भरपाई मागता येत नाही. विमा महामंडळाकडून अपंगत्वाचा लाभ मिळवावा लागतो. म्हणून वेतनातून विम्याची कपात होत होती की नाही, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

रस्त्यावरील अपघाताचेही तेच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्या भरवशावर कोणी बसू नये. ऊसतोडणी कामगार हंगाम संपताच गावी परततो आणि दावा दौंडलाच राहिला, असे समजून सोडून देतो. वास्तविक जखमीला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील न्यायाधिकरणातही मोटार अपघाताचा दावा दाखल करता येतो.

कामावर जातानाच्या अपघाताचे काय? धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून जाताना अपघातात मरण पावला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२५ रोजी ते पुन्हा मंजूर केले. कामाशी संबंध दिसत असेल, तर कामाच्या वाटेवरचा अपघातही कामाच्या ओघातलाच, हे तत्त्व ठरले. नव्या संहितेतही ते आले आहे. हक्क शाबीत झाला. पण त्या घराची बावीस वर्षे गेली!

म्हणून कार्यकर्त्याचे काम वकिलाच्या आधी सुरू होते. इस्पितळात पोहोचताच अपघात कोठे, कोणत्या यंत्रावर, किती वाजता झाला, हे रुग्णपत्रिकेत नोंदले गेले आहे ना, ते त्याने पाहावे. पोलिसांतील खबर, पंचनामा, गेटपास, बँकेत जमा झालेल्या वेतनाच्या नोंदी, बरोबरच्या दोन कामगारांची नावे हे सारे आठ दिवसांत जमवावे. कोणत्याही कागदावर वाचून दाखविल्याशिवाय सही होऊ देऊ नये. मालकाला लेखी नोटीस द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी.

आणि भरपाई मिळाली म्हणजे काम संपले, असेही नव्हे. यंत्राच्या धोक्याच्या भागाला कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्यानेच केली होती. तरीही पंजे तुटतात, कारण संरक्षक जाळी काढली की उत्पादन वाढते आणि तुटलेल्या बोटांचा खर्च मालकाला स्वस्त पडतो. प्रत्येक दावा नेटाने लढवून तो खर्च महाग करणे, हाही पुढचा हात वाचविण्याचा एक मार्ग आहे. न्यायालयात मिळतो तो गेलेल्या हाताचा मोबदला. शाबूत हातांचे रक्षण कामगारांच्या संघटनेलाच करावे लागेल.