कोर्ससाठी कर्ज देण्याआधी

आम्ही उरण तालुक्यातल्या बचत गटांबरोबर काम करणाऱ्या समन्वयक. आज आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करतो, म्हणजे ती तुमच्या गटात होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या ताईने मुलाच्या शिक्षणासाठी ४० हजार रुपये कर्ज मागितलं. मुलगा दहावी झालेला. शहरातल्या एका खाजगी क्लासमध्ये 'ऑइल अँड गॅस'चा सहा महिन्यांचा डिप्लोमा करणार होता. जाहिरातीत समुद्रातला मोठा प्लॅटफॉर्म, पिवळं हेल्मेट आणि 'शंभर टक्के नोकरी'. आम्ही बैठकीत जाहिरात हातोहात फिरवली, ठराव लिहिला, सगळ्याजणींनी सह्या केल्या. एकीनेही विचारलं नाही की हा मुलगा तिथे हाताने काय शिकणार.

सहा महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. सोनेरी किनार, मोठा शिक्का. ते घेऊन मुलगा एका ठेकेदाराकडे गेला. सुपरवायझरने कागद वाचलाच नाही. विचारलं, "काम काय येतं? वेल्डिंग? फिटिंग? ग्राइंडिंग?" मुलगा गप्प. त्याला हेल्परची हजेरी मिळाली, तीसुद्धा अठरा दिवसांची. आईने सुकी मासळी विकून दोन वर्षं हप्ते भरले. एकही चुकवला नाही. गटाचे पैसे परत आले, पण त्या ताईची दोन वर्षं कोण परत देणार? ती आमच्या मनाला लागून राहिली आहेत.

आपल्या भागात ही जाहिरात चालते, कारण हा उद्योग आपल्या दारात आहे. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल सापडलं. तेच बॉम्बे हाय. तिथलं तेल आणि गॅस समुद्राखालच्या पाइपातून उरणच्या ओएनजीसीच्या प्रकल्पात येतो. गॅसमधून एलपीजी वेगळा काढतात आणि तोच सिलिंडरात भरून आपल्या शेगडीपर्यंत पोचतो. रात्री ज्वाला दिसते, गेटवर गाड्यांची रांग दिसते. मग वाटतं, आपल्या पोराला आत जागा का नसावी? असावीच. पण आत जायची वाट नीट समजून घ्यायला हवी.

त्या सुपरवायझरच्या प्रश्नातच सगळं आलं. 'ऑइल अँड गॅस' हे उद्योगाचं नाव झालं, कामाचं नव्हे. आत कामं असतात ती वेल्डरची, फिटरची, इलेक्ट्रिशियनची, दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं सांभाळणाऱ्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकची, प्लांट चालवणाऱ्या ऑपरेटरची. ही कामं आयटीआयमध्ये शिकवतात. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, त्याला दहावी नापास मुलालाही अर्ज करता येतो. फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर हे दोन-दोन वर्षांचे, त्यांना दहावी पास लागते. सरकारी आयटीआयची फी खाजगी क्लासच्या मानाने अगदी थोडी. आणि हे हुनर एकाच उद्योगाला बांधलेलं नसतं. तेलाच्या कंपनीत जागा नसेल तर जहाजाच्या गोदीत, साखर कारखान्यात, बांधकामावर काम मिळतं.

आयटीआयनंतरची पायरी अप्रेंटिसशिपची. १९६१ च्या कायद्याने कंपन्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. मोठ्या तेल कंपन्याही घेतात. अर्ज ऑनलाइन करायचा, दरमहा विद्यावेतन मिळतं, आपण पैसे भरायचे नसतात. कोणी "अप्रेंटिसशिपला लावतो, इतके द्या" म्हणालं तर तो फसवतोय असं समजा. मात्र अप्रेंटिसशिप संपली की कंपनी नोकरी देईलच, असंही नाही. हे मुलांना आधीच सांगा.

आणखी एक वाट आहे, ती आपल्या गटांच्या अगदी जवळची. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातल्या गरीब घरांतल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींना त्यात बिनफी प्रशिक्षण मिळतं. बचत गटातल्या घरांना ती मुद्दाम खुली आहे. कुठल्या केंद्रात काय शिकवतात, ते 'उमेद'च्या तालुका कार्यालयात विचारा.

आता त्या ताईच्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याने उशिरा का होईना, आयटीआयला वेल्डरला प्रवेश घेतला. पहिले तीन महिने घरी येऊन डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायचा. नंतर एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करताना पाइप जोडायला शिकला. या कामात सिक्स-जी नावाची परीक्षा असते. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधून ठेवतात, तो फिरवायचा नाही. वेल्डरने स्वतः वाकून, बसून, खाली शिरून सगळीकडून जोड घालायचा. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात. आत मर्यादेबाहेरचा दोष राहिला तर नापास. मुलगा दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास. आज त्याला काम शोधावं लागतं, पण "काम काय येतं?" या प्रश्नाला तो गप्प बसत नाही.

या अनुभवानंतर आम्ही आमच्या गटांत नियम केला. कोर्ससाठी कर्जाचा अर्ज आला की ठरावाआधी चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, मुलगा किंवा मुलगी नेमकं कोणतं काम शिकणार? उत्तर एका शब्दात आलं पाहिजे.

दुसरा, सर्टिफिकेट कोणाचं? नमुन्याची झेरॉक्स घेऊन सरकारी आयटीआयमध्ये दाखवा. तिथले शिक्षक सांगतात की त्याला किंमत आहे की नाही.

तिसरा, हाताने किती करायला मिळतं? दोघीजणींनी जाऊन वर्कशॉप बघून यायचं. वेल्डिंगचा क्लास असेल तर विचारा, एका मुलाला दिवसाला किती रॉड जाळायला देता? जिथे रॉड जळत नाहीत, तिथे वेल्डिंग शिकवत नाहीत. पोळ्या लाटल्याशिवाय पोळ्या येतात का?

चौथा, मागच्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत? दोघांचे फोन नंबर मागा आणि स्वतः बोला. नंबर देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

कामाचा धोकाही आपण बोललाच पाहिजे. प्लांटमध्ये हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू असू शकतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. म्हणून "वास गेला म्हणजे गॅस गेला" असं कधीच धरायचं नाही. समुद्रात काम करणाऱ्यांना पाण्यात पडलं तर जीव कसा वाचवायचा, बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं यायचं, याचं प्रशिक्षण लागतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली. ती कोणाची तरी मुलं, कोणाचे तरी नवरे होते. म्हणून मुलगा कामावर निघाला की डब्याबरोबर हेही विचारा: सेफ्टीचं ट्रेनिंग झालं का? ठेकेदाराचं नाव काय? पगाराची पावती मिळते का? पीएफ कापला जातो का? हे कागद घरी, आईच्या पेटीत राहू द्या.

आखाती देशात जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. त्याला घेता येणारी फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, इतकीच. लाख-दीड लाख मागणाऱ्यासाठी दागिने गहाण टाकू नका.

आणि मुलींचं काय? आयटीआयमध्ये त्यांच्यासाठी राखीव जागा असतात, त्या भरायला आपणच मागे पडतो. जी मुलगी शिलाई मशीन खोलून पुन्हा जोडते, ती इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊ शकते. तिच्या नावाने अर्ज आला तर तेच चार प्रश्न विचारा. पाचवा, "मुलगी कशाला?" हा नको.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. त्याआधीच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. गटातल्या कोणाकोणाची मुलं दहावीला आहेत, त्यांची यादी करा. चार प्रश्न इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्या वहीत ते लिहिले, तेव्हा पेन त्या ताईच्याच हातात दिलं होतं.