शाळेतील स्फटिकसंग्रह



गावात विहीर खोदताना काळा पाषाण फुटतो आणि त्याच्या पोटातील पोकळीत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक चमकू लागतात. मुले ते तुकडे शाळेत आणतात. त्या वेळी शिक्षक कोणता प्रश्न विचारतो, यावर तो तुकडा खेळणे राहणार की ज्ञानाचे साधन होणार, हे ठरते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीवर लाव्हारसाचे थर साचले. थिजलेल्या रसात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या क्षारयुक्त पाण्यातून झिओलाइट व त्यांच्या सोबतची खनिजे तयार झाली. स्टिल्बाइट गव्हाच्या पेंढीसारखे दिसते, तर ओकेनाइट कापसाच्या बोंडासारखे. १९७३ मध्ये अमेरिकेतील नमुन्यांवरून प्रथम वर्णिलेल्या निळ्या कॅव्हान्साइटचे उत्तम स्फटिक पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत मिळाले. पेणकरपाड्याच्या दक्षिणेस, कांदिवली व मालाड येथील दगडखाणींतील प्रेहनाइटही जगभरच्या संग्राहकांना परिचित आहे. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय अशाच नमुन्यांचे आहे.

परंतु जे कोणी वेळीच उचलले नाही, ते खडी होऊन रस्त्याखाली गेले. आणि जे उचलले, पण कोठून उचलले हे लिहून ठेवले नाही, त्याचेही अर्धे मोल गेले. खाण बुजते, विहीर बांधून निघते. मग त्या स्थळाची साक्ष केवळ नोंदच देते. म्हणून प्रत्येक नमुन्यावर दिसेल न दिसेल असा क्रमांक घालावा आणि वहीत गाव, जागा, खोली, दिनांक व आणणाऱ्या मुलाचे नाव लिहावे. खनिजाचे नाव ठाऊक नसल्यास ती जागा कोरी ठेवावी; अंदाजाने भरू नये.

फुटक्या तुकड्यावर लोखंडी खिळा ओढून पाहावा: कॅल्साइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही. ओकेनाइटला मात्र बोटही लावू नये. त्याचे तंतू दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. नमुने कापसात ठेवावेत.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. चालू खाणीत, कड्याखाली किंवा उघड्या विहिरीत मुलांना कदापि पाठवू नये. बाहेर टाकलेल्या दगडांचा ढीगच पुरे आहे, तोही मालकाच्या संमतीने व शिक्षकाच्या देखत पाहावा. कोणताही स्फटिक मुलाच्या हातापायापेक्षा मोलाचा नाही.

दहाच नमुने असोत. पण प्रत्येकाची नोंद खरी असावी. मुलांना निसर्गाचे सौंदर्य व सत्याची शिस्त एकत्र शिकविणारे याहून स्वस्त साधन खेड्यातील शाळेस क्वचितच लाभेल.