रंग फोडणारे जिवाणू

सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगात बुडवलं, की सगळा रंग काही धाग्यावर चढत नाही. बराचसा पाण्यातच राहतो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर नाल्याला लागतो. इचलकरंजी, सोलापूरकडच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको.

उन्हाने विटू नये, साबणाने उतरू नये, म्हणूनच हे रंग मुद्दाम चिवट बनवलेले. मग ते पाण्यात तरी कसे लवकर नाहीसे होणार?

निम्म्याहून अधिक कृत्रिम रंग ‘अ‍ॅझो’ जातीचे असतात. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध ही त्यांची ओळख. स्यूडोमोनास, बॅसिलस अशा गटांतले काही जिवाणू अ‍ॅझोरिडक्टेज नावाच्या विकराने नेमका हा बंध तोडतात. त्यासाठी टाकीत ऑक्सिजन जवळपास नसावाच लागतो. बंध तुटला, की लालभडक पाणी फिकं पडत जातं.

पण खरी गोम पुढेच आहे. तुटलेल्या रंगातून अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स उरतात आणि त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरू शकतात. म्हणून दुसऱ्या टाकीत हवा सोडून, ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंकडून त्यांचा निकाल लावावा लागतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयावर बरंच संशोधन झालं आहे. प्रयोगशाळेतलं यश कारखान्यात मात्र जसंच्या तसं मिळत नाही. रंगाईच्या पाण्यात मीठ भरपूर, शिवाय रंग सतत बदलता.

तेव्हा पाणी नितळ दिसलं म्हणून खूश होऊ नका. अमाइन्सची तपासणी झाली का, हे आधी विचारा.